कडी कोणी लावली?

बाई, पाच मिनिटं थांबता का? एक सही हवी होती. तुमचीच लागेल, कारण घरचं पत्र स्वतः उघडायचं नाही, शेजारच्या टेबलाने उघडायचं असा इथला नियम आहे, आणि माझ्या शेजारचं टेबल परवापासून तुमचं झालंय. दिवा जरा इकडे सरकवा. वीज चार वाजता गेली की सकाळीच येते. बाहेरचं धुकं बघू नका, या दिवसांत ते असंच काचेला नाक लावून बसतं.

सही करण्याआधी तुम्ही विचारणारच, कसली म्हणून. विचारायलाच हवं. डोळे मिटून सही करणारी माणसं या कचेरीत टिकत नाहीत. तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

लढाई थांबली, तारा ठोकल्या गेल्या. पलीकडची माणसं पलीकडे अडकली आणि अलीकडची अलीकडे. चार वर्षांनी ही पत्रशोध कचेरी उघडली. पंचवीस शब्दांचं पत्र, त्याहून एक शब्द जास्त नाही. सुरुवातीला फार लबाड्या झाल्या. कोणीही उठावं, मेलेल्याच्या नावाने पत्र टाकावं आणि कुणाच्या तरी घरात मुलगा म्हणून शिरावं. म्हणून ओळखीचा प्रश्न आला. पत्र पाठवणाऱ्याने वरच्या बाजूला एक प्रश्न लिहायचा, फक्त घरच्यालाच उत्तर येईल असा. खरं उत्तर आतल्या छोट्या पाकिटात, लाख लावून. ज्याचं पत्र त्याने इथे येऊन खालच्या तीन ओळींत उत्तर लिहायचं. तीन संधी. आतल्या उत्तराशी जुळलं तर पत्र हातात, नाही जुळलं तर शिक्का मारून परत.

या टेबलावर मी नऊ वर्षं हेच करतो. कुत्र्याचं नाव काय होतं, विहिरीत काय पडलं होतं, आजीला कोणता दात नव्हता. माणसं रडतात ती पत्र वाचून नाही, प्रश्न वाचून रडतात. हे तुम्हालाही दिसेल.

मला इथे चिकटवलं आईने. दादा पलीकडे राहिला होता. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. आम्ही गाव सोडलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आई म्हणायची, तो शेतातल्या वाटेने आधीच निघाला, पोचला की पत्र टाकील. दरवर्षी थंडी पडली की ती इथे यायची, एक पत्र दादाला टाकायची, आणि घरी जाताना मला विचारायची, आलं का रे काही त्याचं? मी नाही म्हटलं की मान हलवायची. मला तिची कीव यायची. वाटायचं, आईचं काळीज आहे, थकत नाही.

दादा मला आठवतो तो थोडा थोडाच. माझी बोटं मुठीत धरून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचा. त्याच्या हाताला पेन्सिलीचा वास असायचा. तो माझ्यावर जीव टाकायचा, हे आईही कबूल करते... करायची.

आमच्या घरातली एक गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढे ती लागणार आहे. आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही. इथे राहायला आलो त्याच आठवड्यात आईने सुतार बोलावून सगळ्या कड्या, खिट्या, बोल्ट उपटून काढले. मुख्य दाराला तेवढं कुलूप. न्हाणीघरात जाताना मोठ्याने गाणं म्हणायचं, म्हणजे कोणी आत येत नसे. माझा आवाज का बसलेला आहे ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. आई म्हणायची, कोंडलं की मला दम लागतो. मी कधी शंका घेतली नाही.

तर मागच्या महिन्यात, सोमवारच्या थैलीत, माझ्या नावाचं पत्र आलं.

ते हातात घेतलं तेव्हाच ओलसर लागलं. पोत्याच्या तळाशी कुजलेल्या बटाट्यांचा वास. पत्ता शिसपेन्सिलीने लिहिलेला, आणि ओळी एकमेकींवर चढलेल्या. एक ओळ लिहून झाल्यावर दुसरी तिच्याच अंगावर. तुमच्या आधी तुमच्या टेबलावर जे बसायचे ते चष्मेवाले काका म्हणाले, आंधळ्याने लिहिलंय का काय. मग म्हणाले, नाही, आंधळा सवयीने अंतर राखतो. हे डोळसाने अंधारात लिहिलंय. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्या जुन्या घराचा होता. ते घर दोन तारांच्या मधल्या पट्ट्यात आहे, बाई. तिथे चोवीस वर्षांत माणूस राहिलेला नाही. टपालवाला तर नाहीच.

प्रश्न होता : तळघराची कडी कोणी लावली?

मला काही उमजेना. आमच्या घराला तळघर होतं एवढं आठवत होतं. स्वयंपाकघराला लागून एक दार, दारामागे खाली उतरणाऱ्या पायऱ्या, खाली बटाट्यांची पोती. पण कडीचं काय? संध्याकाळी आईला विचारलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली नाही. म्हणाली, तुझ्या बाबांनी लावली असेल, त्यांनाच सगळं बंद करायची सवय.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या ओळीत लिहिलं, बाबांनी. काकांनी लाख फोडली, आतली चिठ्ठी एकट्यानेच वाचली आणि मान हलवली. नाही जुळत.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबा आम्ही निघायच्या तीन महिने आधीच गेले होते. त्यांचा लष्कराचा कागद कपाटात आहे, वर तारीख आहे, मी लहानपणापासून बघतोय. गाव सोडताना कडी लावायला बाबा होतेच कुठे? आईला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू?

मी खुर्चीत बसून राहिलो. समोर माणसांची रांग होती. आणि बसल्या बसल्या माझ्या उजव्या तळहाताला गार लागलं. लोखंडाचा गारवा. पितळी नाही, लोखंडीच, गंजाने खरखरीत झालेला. मी मूठ उघडून पाहिली, तिथे काही नव्हतं. पण हाताला आठवलं होतं, मला आठवायच्या आधी.

मी दुसऱ्या ओळीत लिहिलं, मी.

काकांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग आतली चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. धाकट्याने, असं लिहिलं होतं. जुळलं. नियमाप्रमाणे त्यांनी पत्र उघडून दिलं. मला ते पाठ आहे.

“धाकट्या, कडी तू लावलीस असं आई दरवर्षी कळवते. पण कडी उंचावर होती. तुझा हात पुरत नव्हता. तुला उचललं कोणी? तेवढं कळव, म्हणजे मी येतो.”

चोवीस शब्द. एक शिल्लक होता, तो त्याने वापरला नाही.

आई दरवर्षी कळवते, हे वाचून माझे पाय आपोआप मागच्या कपाटाकडे गेले. परत आलेली पत्रं तिथे असतात. आईची वीस पत्रं एका दोऱ्यात बांधलेली होती, प्रत्येकावर ‘वस्ती नाही’चा शिक्का. ती या इमारतीबाहेर कधी गेलीच नव्हती. पट्ट्यातल्या पत्त्यावर थैली जात नाही, म्हणून शिक्का मारून सरळ कपाटात. नऊ वर्षं मी त्या कपाटाला पाठ करून बसलो होतो आणि घरचं पत्र म्हणून हात लावला नव्हता. इमानदारी, दुसरं काय!

आता त्या वीसही पत्रांची लाख फुटलेली होती. कडेला मातीची बोटं उमटली होती. आईने विसाच्या वीस वेळा एकच प्रश्न विचारला होता, तळघराची कडी कोणी लावली? आणि खालच्या तीन ओळींत शिसपेन्सिलीने, एकमेकींवर चढलेल्या अक्षरांत, उत्तर होतं. आईने. आईने. आईने. एकोणीस पत्रांवर तिन्ही संधी त्याने तेच लिहून घालवल्या होत्या. विसाव्यावर, म्हणजे मागच्या थंडीतल्या पत्रावर, पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, धाकट्याने.

आतल्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. सगळ्या तशाच. धाकट्याने, मी हातही लावला नाही. म्हणजे त्याचं उत्तर शेवटी जुळलं होतं. नियमाप्रमाणे पत्र त्याचं झालं होतं. आणि त्या पत्रात माझ्या आईने, माझ्या सख्ख्या आईने, पंचवीस शब्दांत काय लिहावं? तो आता पत्रशोध कचेरीत बसतो, तिसरं टेबल, खिडकीजवळ. घराचा पत्ता खाली देते.

बाई, मी माणूस वाईट नाही. पण त्या क्षणी मला जे वाटलं ते वाईटच होतं. चोवीस वर्षं तिचं दुखलं खुपलं मी पाहिलं. तिची औषधं आणली, तिचे पाय चेपले, तिच्या पायी घर मांडलं नाही. आणि ती दरवर्षी थंडी पडली की चालत इथे येऊन माझं नाव सांगून जायची. परक्याने केलं असतं तर निदान चार शिव्या देता आल्या असत्या.

घरी गेलो. ती दिव्याशी बसून लोकर गुंडाळत होती. मी पत्र तिच्या मांडीवर ठेवलं. तिने वाचलं, घडी केली, परत दिलं.

“तू मला उचललंस,” मी म्हटलं.

“लहान होतास. उचलायचेच सगळे.”

“कडी माझ्याकडून लावून घेतलीस.”

“मी हात लावला नाही,” ती म्हणाली. “गाव रिकामं करायला आलेल्या लॉरीवरच्या शिपायाने शपथ घालून विचारलं, घरात कोणाला ठेवून आलीस का, कोणाला कोंडलंस का. मी म्हटलं, मी कोणाला कोंडलं नाही. खरंच सांगितलं मी.”

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं, लोकर गुंडाळणं न थांबवता. दादा शेतातून कुठेही गेला नव्हता. तो आघाडीवरून पळून आला होता आणि आठ दिवस तळघरात होता. पळालेला शिपाई ज्या घरात सापडेल त्या घरातलं कोणीच लॉरीत बसणार नाही, असा हुकूम होता. शिपाई घरं तपासत गल्लीच्या टोकाला आले. आई दादाला म्हणाली, गप्प बस, आम्ही लॉरी बघून येतो. पण त्याचा भरवसा नव्हता, हाका मारत मागे धावला असता. कडी उंचावर होती, कारण मी पायऱ्यांवरून पडू नये म्हणून बाबांनीच ती तशी बसवली होती. तिने मला मागून काखेत हात घालून उचललं आणि म्हणाली, लाव रे राजा, उंदीर बाहेर येतील.

आतून ठोठावलं का कोणी, मी विचारलं. तिने लोकरीचं टोक शोधलं आणि खोचलं.

“एका तासात परत येऊन काढणार होते. लॉरी थांबलीच नाही.”

“मग त्याला माझं नाव का सांगितलंस?”

ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली. “तुला तो काही करणार नाही असं वाटलं. तुझ्यावर जीव होता त्याचा. मला मात्र...”

मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. मी न जेवता झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी इथे येऊन, याच टेबलावर, दादाला उत्तर लिहिलं. तीनच शब्द. आईने उचललं मला. माझ्या हाताने शिक्का मारला आणि जाणाऱ्या थैलीत टाकलं. पट्ट्यातल्या पत्त्याचं पत्र कपाटातच जातं हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी मी ते मुद्दाम थैलीत टाकलं. ते कपाटात परत आलेलं नाही. मी रोज बघतो.

पुढची सकाळ. असंच धुकं होतं, बाहेर उजाडलंय की नाही कळत नव्हतं. मी तोंड धुऊन गॅलरीतून आत आलो आणि बटाट्यांचा वास आला. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला कडी होती.

जुनी, जाड, गंजलेली. चौकटीत इतकी वर ठोकलेली, की मला हात पुरेना. मी बुटका नाही, बाई. तुम्ही बघताच आहात. दार तेवढ्याच उंचीचं होतं, रोजचंच, पण माझी बोटं चाचपत होती आणि कडी त्यांच्या हातभर वर होती. लागलेली नव्हती. नुसती लोंबत होती, हलत होती, जणू आताच कोणी सोडली.

आत आई बोलत होती. अगदी हळू, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसं.

“दादा... मी नाही रे. मी हातही लावला नाही...”

मग खाली खूप खोल कोणीतरी पोतं सरकवल्यासारखं वाजलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मी दार ढकलणार होतो. देवाशपथ सांगतो, हात उचलला होता. तेवढ्यात ती पुन्हा बोलली.

“तो बाहेरच उभाय बघ. दारातच. तोच होता...”

आणि माझ्या काखेत मागून दोन हात आले.

मी किंचाळलो नाही. ते हात ओळखीचे होते, त्यांना पेन्सिलीचा वास होता. त्यांनी मला उचललं, अगदी सावकाश, पडू नये अशा बेताने. पाय जमिनीवरून सुटले. कडी माझ्या नाकासमोर आली. तिच्यावरचा गंज मला दिसत होता, आणि त्यात लहान मुलाच्या बोटांचे ठसे. हात थांबले. त्यांनी घाई केली नाही. मागच्या वेळी कानात कोणीतरी राजा म्हटलं होतं, उंदरांची भीती घातली होती. या वेळी कोणी काहीच सांगितलं नाही.

कडी मी लावली.

मग त्यांनी मला खाली ठेवलं. मी डबा घेतला, कुलूप लावलं आणि कामावर आलो. काका म्हणाले, आज लवकर? मी हो म्हटलं. दिवसभर शिक्के मारले.

संध्याकाळी गेलो तेव्हा दाराला कडी नव्हती. खिळ्याचं भोकही नव्हतं. खोली रिकामी होती. चपला पलंगाखाली, चष्मा उशीवर, खिडकीच्या फटींना थंडीसाठी चिकटवलेला कागद जागच्या जागी. लोकरीचा गुंडा तेवढा जमिनीवर होता, मातीने माखलेला. पोलीस आले, चार घरी विचारलं, म्हणाले म्हातारी माणसं भरकटतात. मी म्हटलं, भरकटतात. काकांनी त्याच आठवड्यात बदली मागून घेतली. कारण लिहिलं, डोळे.

याला अकरा दिवस झाले. आज सकाळच्या थैलीत हे आलं.

हात लावून बघा, ओलसर आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता जुन्या घराचा. अक्षर माझ्या आईचं आहे, ‘ळ’ला अशी शेपटी दुसरं कोणी काढत नाही. मात्र ओळी बघा कशा एकमेकींवर चढल्यात. प्रश्न तुम्हीच वाचा. हो, तोच. कडी कोणी लावली?

उत्तर मी लिहिलंय, पहिल्या ओळीत. दादाने, असं. जुळणार नाही, मला ठाऊक आहे. आमच्या घरात पहिल्या फटक्यात खरं कोणी लिहीत नाही. पण जुळलं तर पत्र माझं होतं, आणि त्यात काय असेल ते मला वाचायचं नाही. अजून दोन ओळी आहेत. त्या संपवीन, मग पत्र परत जाईल. तुम्ही फक्त लाख फोडा, नाही म्हणा आणि इथे सही करा.

करता ना?

थांबा. त्याआधी जरा दिवा खाली धरा, टेबलाखाली. मला वाकता येत नाहीये, काखेत आवळल्यासारखं झालंय मघापासून. बघा आणि खरं सांगा, बाई.

माझे पाय जमिनीला टेकलेत का?